दोनशे ऐंशी मीटर

“हे आकडे तुम्ही मोजलेत की लिहिलेत?” डॉ. पट्टणशेट्टींनी विचारलं.

कागद त्यांच्या टेबलावर होता. मी उभा होतो. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

“मोजलेत, साहेब.”

“मग वाचा. मोठ्याने.”

मी वाचले. दोनशे एक्क्याऐंशी. दोनशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे ऐंशी. दोनशे चौऱ्याऐंशी. दोनशे एकोणऐंशी. पुन्हा दोनशे ऐंशी.

“सहा पेशंट,” ते म्हणाले. “एक पन्नाशीच्या आतला, एक बाई बाहत्तर वर्षांची. कुणाचं फुप्फुस निम्मं चालतं, कुणाचं त्याहून कमी. आणि सगळे सहा मिनिटांत बरोबर तेवढंच अंतर चालतात? सहा मीटरचा काय तो फरक. नेर्लेकर, मी पंचवीस वर्षं छातीचे पेशंट बघतोय. असे आकडे माणसांचे नसतात.”

“मी एकही आकडा बनवलेला नाही.”

“धरून चालू, बनवला नाही. तरी भागतंय का? आठ आठवड्यांपूर्वी हेच लोक सरासरी दोनशे साठ चालत होते. वाढ किती? वीस मीटर. निदान तीस तरी हवी, असं तुम्हीच मला आणून दिलेल्या पुस्तकात आहे. म्हणजे एक तर तुमचा वर्ग चालत नाही, नाही तर तुम्ही खरं बोलत नाही. सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. डायलिसिसचं मशीन देणगीत मिळालंय, त्याला खोली हवी. मी त्यांना काय सांगू?”

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होतो. फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रोग्यांसाठी मी तिथे एक वर्ग सुरू केला होता. आठवड्यातून दोन दिवस, आठ आठवडे. उठबस, पायरी चढणं-उतरणं, हातात वाळूच्या पिशव्या घेऊन दंडाचे व्यायाम, श्वास सोडायची पद्धत आणि चालणं. औषधाच्या दुकानापासून एक्स-रेच्या दारापर्यंतचा बोळ वीस मीटर लांब होता. त्याच्या दोन्ही टोकांना मी पिवळी पट्टी चिकटवली होती. त्या बोळात सहा मिनिटं चालायचं आणि किती मीटर झालं ते मोजायचं, ही आमची परीक्षा.

डॉ. पट्टणशेट्टी वाईट माणूस नव्हते. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी स्वतः असा वर्ग काढून बघितला होता. तिसऱ्या आठवड्यात एकही रोगी उरला नव्हता. तेव्हापासून ते म्हणायचे, “औषध लिहिलं की पेशंट खूश. व्यायाम लिहिला की पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे.” मी वर्ग मागितला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. आठ आठवडे करून दाखवा, एवढंच म्हणाले.

“शनिवारी सहाही जणांना बोलवा,” ते आता म्हणाले. “घड्याळ माझ्या हातात असेल.”

मी कागद उचलला आणि बाहेर आलो. बाकावर बाळगोंडा मगदूम बसले होते. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मगदूम हलकर्णीच्या बाजूचे. वय पासष्ट. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळत असतो. तो नेमक्या कोणत्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. अडतीस हंगाम ते चुलवाणाच्या धुरात आणि काहिलीच्या वाफेत उभे राहिले होते. बिडीला कधी शिवले नव्हते. पहिल्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, “बिडी वडायला येळ कुणाला हुता? धूर फुकाटच मिळत हुता की.”

त्या पहिल्या दिवशी त्यांचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. बोळात दोन फेऱ्या मारून ते भिंतीला टेकले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

“काय वो सर, धाप लागती म्हणून दवाखान्यात आलो, आन् तुमी परत धापच लावताय?”

“धाप लागते म्हणून तुम्ही बसता, अण्णा. बसून बसून पाय आटतात. पाय आटले की त्याहून लवकर धाप लागते. मग तुम्ही जास्त बसता.”

“म्हंजे फुप्पुस बिघाडलं आन् शिक्षा पायास्नी.”

“शिक्षा नाही. पायांनी थोडं जास्त काम केलं की फुप्फुसाला कमी पडेल.”

ते माझ्या बुटाकडे बघत होते. डावा बूट तळाला दोन बोटं जाड असतो.

“ह्यो पाय?”

“पोलिओ. तीन वर्षांचा होतो.”

“आन् तुमी आमाला चालायला शिकीवणार.”

“हो.”

ते एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “चला मग. आमच्यात फुप्पुस न्हाई, तुमच्यात पाय न्हाई. दोगं मिळून कुटवर जातोय बगू.”

वर्गाला रंग त्यांनीच आणला. धाप किती लागली हे रोग्याने शून्य ते दहा अशा आकड्यांत सांगायचं असतं. आमच्या वर्गात ते कुणालाच जमेना. हौसाक्का कुराडे म्हणून बाहत्तर वर्षांच्या बाई होत्या. जन्मभर चुलीपुढे बसल्याने त्यांची छाती भरली होती. त्या दर वेळी “आट आणं” म्हणायच्या. अण्णांनी तोडगा काढला. मळी वर आली म्हणजे थोडी धाप. फेस धरला म्हणजे बरीच. काहिल उतरवा म्हणजे आता थांबायलाच हवं. हे सगळ्यांना लगेच कळलं. गूळ शिजताना बघितला नाही असा माणूस त्या भागात नव्हता. मी आपला वहीत त्याचे आकडे करून लिहायचो. पाचव्या आठवड्यात हौसाक्का पायरी चढता चढता ओरडल्या, “अण्णा, फेस धरलाय पर उतरवायचं न्हाई अजून!” सगळ्या खोलीला हसू आलं, आणि हसण्यानेही कुणाला उबळ आली नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन सुट्टीचा अर्ज फाडून टाकला. ऐन मे महिन्यात मी गावाला जाणार होतो, तो गेलो नाही.

एक गोष्ट मी पुस्तकाप्रमाणे केली नव्हती. सहा मिनिटांच्या परीक्षेत परीक्षकाने रोग्याबरोबर चालू नये, एका जागी थांबून मोजावं, असं पुस्तकात स्पष्ट होतं. मला ते कोरडं वाटलं. पहिल्या दिवशी हौसाक्कांनी माझी बाही धरली होती: “यकटीला सोडू नगा वो, पडलं तर कोन धरायचं?” म्हणून मी बरोबर चाललो. मग सगळ्यांच्याच बरोबर चाललो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. रोग्याच्या शेजारी, पावलाला पाऊल लावून. आपल्याला कुणाच्याही बरोबरीने चालता येतं याचा मला लहानपणापासून अभिमान होता.

बाकावरून अण्णा उठले. आम्ही दोघं फाटकापर्यंत गेलो. एसटीला वेळ होता. फाटकाजवळ चहाची टपरी होती.

“साहेब म्हंत्यात तुमी खोटं लिवलं?”

“त्यांना तसं वाटतंय.”

“आन् शनवारी बी असंच झालं तर?”

“तर वर्ग बंद. खोली मशीनला.”

अण्णांनी चहा हातात धरून ठेवला. प्यायले नाहीत.

“मी दोन वर्सं सोप्यातल्या खाटंवर हुतो,” ते म्हणाले. “नातू म्हणायचा, आज्जा म्हंजे खाट. आता गल्लीच्या तोंडापतुर जातोय. देवळाच्या कट्ट्यावर बसतोय चारचौगांत. हे बंद पडलं तर काय करू मी? घरात कोन करून घेतंय? सून म्हणंल, मामा, दम लागतोय, बसा गप.”

“तुम्हाला सगळं येतंय आता. घरी करता येईल.”

“येतंय की. करायचं न्हाई हो ते यकट्यानं. तुमास्नी बी ठावं हाय.”

मला ठाऊक होतं. पुस्तकातसुद्धा होतं.

त्यांनी चहा एका दमात संपवला. फुंकर घालत सावकाश पिणारा माणूस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सर, एक करा. शनवारी तुमी खुर्चीवर बसून ऱ्हावा.”

“का?”

“उगंच. तुमची दगदग हुती.”

“मला कसली दगदग? मी बरोबर असलो की तुम्हाला धीर येतो.”

“येतोय की.”

“मग?”

“काय न्हाई. माजी गाडी आली.”

गाडी आलेली नव्हती. ते तरीही थांब्याकडे गेले. मी त्यांना पाठमोरं जाताना बघितलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं. पण मी टपरीवाल्याशी बोलत होतो.

शनिवारी सहाही जण आले. एसटी, वडापची जीप, एक जण मुलाच्या मोटारसायकलवर. बोळात चार बाकं मांडली होती. डॉ. पट्टणशेट्टी साडेनऊला आले. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं, मागे नर्स वही घेऊन. त्यांनी पिवळ्या पट्ट्या बघितल्या. टेप मागवला आणि बोळ स्वतः मोजला. वीस मीटर. मान हलवली.

“पहिला कोण?”

“मी,” अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्र्याण्णव. मग सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो.

“सर,” अण्णा हळूच म्हणाले, “बसा की.”

“चला, अण्णा.”

“ऐका माजं. एक डाव बसा.”

“साहेबांना वाटेल मी घाबरलो. चला.”

त्यांनी एकदा बाकांकडे बघितलं. हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला होता. “सुरू,” डॉक्टर म्हणाले.

पहिली फेरी आम्ही बरोबर गेलो. एक्स-रेच्या दाराशी वळलो. परत निघालो. अण्णा काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, श्वास मोजतायत. औषधाच्या दुकानाशी वळताना ते स्पष्ट ऐकू आलं. “माफी करा, सर.”

आणि ते पुढे गेले.

एवढंच झालं. ते धावले नाहीत. त्यांनी फक्त आपली पावलं टाकली, जशी त्यांची होती तशी, आणि आमच्यात एका हाताचं अंतर पडलं, मग दोन हातांचं. मी पाय उचलले. मला वाटलं, गाठतो. जाड बुटाचा आवाज बोळात जरा मोठा झाला. अंतर वाढतच गेलं. ते वळून समोरून आले. माझ्या अंगावरून जाताना त्यांची नजर फरशीवर होती. ओठ आवळलेले, श्वास शिकवला होता तसा, दोन पावलांत आत, चार पावलांत बाहेर. ते घामाघूम झाले होते. शिक्षा भोगत असल्यासारखा चेहरा.

मी थांबलो. भिंतीला टेकलो.

“नेर्लेकर, काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. ते चालतायत. मी नाही चालत.”

बोळात एकट्या अण्णांच्या चपलांचा आवाज येत राहिला. दर फेरीला ते माझ्यापुढून गेले. दर फेरीला खाली बघून गेले. चौथ्या मिनिटाला त्यांनी एक हात वर केला आणि म्हणाले, “फेस.” नर्सने डॉक्टरांकडे बघितलं. मी म्हणालो, “दहापैकी पाच लिहा.” त्यांनी चालणं थांबवलं नाही.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. टेप लावला. सतरा फेऱ्या आणि वर बारा मीटर. “तीनशे बावन्न.” त्यांनी पुन्हा मोजलं. तीनशे बावन्न.

अण्णा बाकावर बसले. मी त्यांच्या बोटाला चिमटा लावला. एकोणनव्वद, आणि मिनिटाभरात ब्याण्णव. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मगदूम,” डॉक्टर म्हणाले, “मागच्या मोजणीत दोनशे एक्क्याऐंशी आणि आज तीनशे बावन्न. चार दिवसांत एवढं कसं झालं?”

“त्या दिशी पोट जड हुतं, साहेब.”

“पोट.”

“पावन्याकडं जेवण हुतं. पुरणपोळी.”

“आणि ह्या पाच जणांना पण त्याच पाहुण्याने जेवायला बोलावलं होतं?”

नर्स वहीत बघत राहिली. अण्णा हाताची बोटं मोजत बसले. शेवटी हौसाक्काच बोलल्या. त्यांना खोटं रेटणं जमायचं नाही.

“काय वो डाक्टर, तुमी तरी. बरूबर निगालेल्या माणसाला मागं टाकून कसं जायाचं? त्यातनं सर. त्येंचा पाय असा. आमी पुडं पळायचं आन् त्येंनी मागनं लंगडत यायचं? बरं दिसतंय व्हय ते?”

“आक्का, गप,” अण्णा म्हणाले.

“गप काय? तुमीच सांगितलासा की समद्यास्नी, सरांच्या पावलानं चाला म्हणून.”

कागदावरचे सहा आकडे डोळ्यांपुढे होते. दोनशे अठ्ठ्याहत्तर ते दोनशे चौऱ्याऐंशी. माणसांचे नसतात असे आकडे. ते एका माणसाचे असू शकतात.

“साहेब,” मी म्हणालो, “माझी सहा मिनिटं लावा.”

“कशाला?”

“लावा तर खरं.”

अण्णा अर्धवट उठले. “सर, नगा. ऱ्हाऊ दे की.”

“बसा, अण्णा. दम खा.”

डॉक्टरांनी घड्याळाचं बटण दाबलं. मी एकटा चाललो. घाई केली नाही, हळूही चाललो नाही. आयुष्यभर चालत आलो तसा चाललो. तो बोळ मी हजार वेळा ओलांडला असेन, पण तेवढा लांब कधी वाटला नव्हता. बाकांवरून कुणी बघत नव्हतं. सहाही जणांनी माना खाली घातल्या होत्या. तिसऱ्या मिनिटाला हौसाक्कांनी नाक शिंकरलं. पुढे मी फेऱ्या मोजणं सोडून दिलं.

“थांबा.”

मी थांबलो तिथे माझ्या बुटाचं टोक औषधाच्या दुकानाकडच्या पिवळ्या पट्टीला लागलं होतं. टेप लावायची गरज नव्हती. चौदा फेऱ्या.

“दोनशे ऐंशी,” नर्स म्हणाली.

डॉ. पट्टणशेट्टींनी पहिला कागद माझ्याकडून मागून घेतला. त्यावर एक तिरकी रेघ मारली. खाली लिहिलं, “मोजणी सदोष. पुन्हा घेतली.” सही केली, तारीख घातली.

“नेर्लेकर, परीक्षकाने बरोबर चालू नये, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?”

“एकशे बारा.”

“ते कुणी उगाच लिहिलेलं नाही.”

“नाही, साहेब.”

“खुर्ची घ्या आणि बसा. पुढचा पेशंट. आणि हे बघा,” ते बाकांकडे वळले, “सरांकडे बघायचं नाही. कुणाची लाज धरायची नाही. तुम्ही सावकाश चाललात तर सरांचंच नुकसान आहे, कळलं का?”

कळलं. ते एकेक उठले आणि चालले. मी खुर्चीवर बसून फेऱ्यांच्या रेघा ओढल्या. तीनशे अठ्ठावीस. तीनशे दहा. तीनशे चाळीस. एक जण मधेच थांबला, तरी दोनशे शहाण्णव. हौसाक्का सगळ्यांच्या शेवटी. त्यांनी कुणाची बाही मागितली नाही. पदर खोचला आणि निघाल्या, आणि चालता चालता डॉक्टरांना म्हणाल्या, “घड्याळ नीट बगा हां.” तीनशे चार.

डॉक्टरांनी बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला. पाहिजे होती त्याच्या दुपटीहून वाढ जास्त होती. ते म्हणाले, “सोमवारी मी बोलतो.” मग उठता उठता थांबले. “मी दहा वर्षांपूर्वी वर्ग घेतला तेव्हा तीन आठवड्यांत लोक पळाले. तुमच्या ह्या लोकांनी तुमच्यापायी वर्ग बंद पडायची पाळी आणली, पण सोडून कुणी गेलं नाही. त्याचं काय करायचं, ते पुस्तकात नाही.”

सोमवारी ते बोलले. मशीन दुसऱ्या मजल्यावर गेलं. त्यानंतर त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर श्वासाच्या पंपाच्या खाली एक ओळ असायची: नेर्लेकरांचा वर्ग, आठ आठवडे, चुकवू नये.

पण त्या शनिवारी ते पुढचं कुणाला माहीत नव्हतं. सगळे पांगल्यावर अण्णा फाटकाशी उभे होते. गाडी येऊन गेली होती.

“राग आला आसंल,” ते म्हणाले.

“नाही.”

“यायला पायजे. मला आला असता.”

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पयला म्हैना आमच्यातच दम न्हवता. तवा तुमीच आमच्यापायी थांबत हुतासा. मग पाय मोकळं झालं. यक दिस बगतोय तर मी पुडं आन् तुमी मागं. मग धरलं आवरून.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगू? तुमी आमाला चालायला शिकीवलं, आन् आमी म्हणायचं, सर, तुमी हळू चालताय?” त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “परवा चा पिताना सांगणार हुतो. जीभ उचलली न्हाई.”

मला शाळेचा रस्ता आठवला. आम्ही पाच जण होतो. अडीच किलोमीटर. ती मुलं कधी माझ्यापुढे गेली नव्हती. ओढ्यात दगड मारत, चिंचा पाडत, काहीतरी निमित्त काढून रेंगाळत यायची. मी घरी सांगायचो, आमच्यात मीच सगळ्यांच्या बरोबरीने चालतो. आई म्हणायची, व्हय रे बाळा.

“अण्णा, सगळेच असं करतात का?”

“कसं?”

“माझ्याबरोबर असले की हळू चालतात?”

ते कुठलंही उत्तर घाईने द्यायचे नाहीत.

“माणसं हायत की तुमच्यासंगं,” ते म्हणाले. “असं समजा.”

त्यांची पुढची गाडी आली. ते चढले. दाराशी थांबून श्वास सोडला, मग आत गेले. त्यानंतर ते पाच वर्षं जगले आणि शेवटचा हिवाळा सोडला तर दर बुधवारी वर्गाला येत राहिले, नव्या रोग्यांना मळी आणि फेस शिकवायला.

मी घरी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. माझी बायको, अस्मिता, भाजी आणायला निघत होती. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. संध्याकाळी बाजाराला आम्ही नेहमी बरोबर जायचो. तिने पिशवी माझ्या हातात दिली, मी ती परत तिच्या हातात दिली.

“आज तू पुढे हो,” मी म्हणालो. “मी येतो मागून.”

“का? पाय दुखतोय?”

“नाही. तू तुझ्या चालीने जा. माझी वाट बघू नकोस.”

“काहीतरीच.”

“जा ना. कोपऱ्यापर्यंत.”

ती विचित्र नजरेने माझ्याकडे बघत निघाली. दहा पावलं गेली, मागे वळून बघितलं. मी हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. मग ती गेली.

ती भराभर चालायची. मला माहीत नव्हतं. उजवा हात लांब झोकायची आणि पिशवी त्या हाताबरोबर पुढे-मागे जायची. मान ताठ, पावलं लहान पण झपाझप, कुठेतरी पोचायचं असल्यासारखी. किराणाच्या दुकानावरून, पिठाच्या गिरणीवरून, रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घालून ती बघता बघता कोपऱ्यावर पोचली. तिथे उभी राहून तिने मागे बघितलं. मी अजून घराच्या फाटकापाशीच होतो.

ती तशीच भराभर परत आली. गाल लाल झाले होते, थोडी धाप लागली होती.

“काय झालं?” तिने विचारलं. “असे काय बघताय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “परत एकदा जा बघू.”